ऑफिसचा फाइल सर्व्हर आपल्या डेस्कटॉपवर: जोडायचा कसा आणि अडतं कुठं

नागपूरच्या धंतोलीतलं सीए ऑफिस, तिथल्या कपाटावर ठेवलेला नॅसचा डबा (नेटवर्कला जोडलेली, सगळ्यांच्या फाइली ठेवणारी डिस्कची पेटी), जुलैच्या गर्दीत मनीषनगर-बेसा भागातून घरूनच काम करणारा स्टाफ आणि बुटीबोरी एमआयडीसीतल्या क्लायंटकडे बसणारा अकाउंटंट. सगळ्यांना हवा असतो एकच फोल्डर. खालची माहिती याच मांडणीला धरून दिली आहे. नॅसच्या जागी विंडोजचा साधा पीसी असेल, किंवा फाइली वेबसाइटच्या होस्टिंग सर्व्हरवर असतील, तरी तपासायचा क्रम बदलत नाही.

पत्ते, मेन्यूंची नावं आणि कमांड इथं देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच करायच्या. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि पत्त्यात मराठी अंक गेले तर जोडणी होत नाही, आणि एरर मात्र भलतीच दिसते.

आधी ठरवा: सर्व्हर कुठं आहे, कोणता प्रोटोकॉल बोलतो

प्रोटोकॉल म्हणजे दोन मशीनांची बोलण्याची ठरलेली पद्धत, आणि पोर्ट म्हणजे त्या पद्धतीसाठी सर्व्हरवर असलेलं ठरावीक नंबराचं दार. सर्व्हर तुमच्या पीसीच्याच राउटरवर असेल तर एसएमबी वापरा. विंडोजचं नेहमीचं फाइल शेअरिंग ते हेच, पोर्ट ४४५. फाइल थेट सर्व्हरवरून उघडते, एकानं एक्सेल उघडलं असेल तर दुसऱ्याला 'रीड-ओन्ली' येतं, म्हणजे लॉकिंग नीट चालतं. ऑफिसच्या कामाला हेच हवं.

सर्व्हर बाहेर कुठंतरी असेल आणि फाइली फक्त चढवायच्या-उतरवायच्या असतील तर एसएफटीपी, पोर्ट २२. नावात साम्य असलं तरी एफटीपीशी याचा संबंध नाही. हे एसएसएचवर, म्हणजे सर्व्हरशी बोलण्याच्या सुरक्षित जोडणीवर चालतं आणि सगळं एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे मधे कुणाला वाचता येणार नाही असं जातं. साधं एफटीपी, पोर्ट २१, युजरनेम-पासवर्ड उघड्या मजकुरात पाठवतं. त्यामुळे होस्टिंगवाल्याकडे दुसरा पर्याय असेल तर ते वापरूच नका. क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही २०२१ मध्ये एफटीपीचा आधार काढून टाकला, म्हणून जुन्या एफटीपी लिंक आता ब्राउझरमध्ये उघडत नाहीत. सर्व्हर बिघडलाय असं समजू नका.

तिसरा प्रकार वेबडॅव्ह, तो सहसा पोर्ट ४४३ वर म्हणजे साध्या एचटीटीपीएसवर चालतो. नेक्स्टक्लाउडसारख्या, स्वतःच्या सर्व्हरवर चालवायच्या फाइल-साठवणुकीत तो मिळतो. विंडोजमध्ये मात्र याचा भरवसा कमी: मुळात ५० एमबीपेक्षा मोठी फाइल उतरत नाही, मर्यादा ओलांडल्याची एरर येते, आणि मायक्रोसॉफ्टनं यामागची वेबक्लायंट सेवा २०२३ मध्ये निवृत्तीच्या यादीत टाकली आहे. नेक्स्टक्लाउड असेल तर त्याचा स्वतःचा सिंक प्रोग्रॅम बरा.

पासवर्डच्या आधी पोर्ट तपासा

ड्राइव्ह जोडली जात नाही म्हटलं की बहुतेक जण पासवर्ड परत परत टाकत बसतात. बऱ्याच वेळा तो सर्व्हरपर्यंत पोचलेलाच नसतो. पॉवरशेल, म्हणजे विंडोजची कमांड लिहायची खिडकी, उघडा आणि टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड, एक जागा सोडून सर्व्हरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा आकड्यांतला पत्ता), परत जागा सोडून डॅश-पोर्ट आणि शेवटी ४४५ किंवा २२, एवढं एका ओळीत लिहा. उत्तरातल्या शेवटच्या ओळीत, टीसीपी-टेस्ट-सक्सीडेडसमोर, ट्रू आलं की रस्ता मोकळा आहे. आता पासवर्डकडे बघायला हरकत नाही. फॉल्स आलं तर पासवर्ड बरोबर असो की चूक, काही फरक पडत नाही.

नुसत्या पिंगवर, म्हणजे 'मशीन जागं आहे का' एवढंच विचारणाऱ्या कमांडवर, जाऊ नका. पुष्कळ फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या गाळणारी भिंत) पिंगला उत्तर देत नाहीत आणि पोर्ट मात्र उघडा असतो. फाइलझिलासारख्या, फाइली चढवण्या-उतरवण्याच्या प्रोग्रॅममध्ये एररचे शब्द नीट वाचा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' लगेच आलं तर मशीन सापडलंय, पण त्या पोर्टवर सेवा चालू नाही. बराच वेळ थांबून 'टाइम्ड आउट' आलं तर पत्ता चुकलाय, मशीन बंद आहे किंवा मधे फायरवॉल गिळतंय.

काल चालत होतं आणि आज नाही, असं झालं तर आधी सर्व्हरचा आयपी बघा. मे महिन्यात दुपारी लाइट जाते, राउटर परत सुरू होतो आणि सर्व्हरला नवा पत्ता वाटून टाकतो. काल तो १९२.१६८.१.५० होता, आज ५३. उपाय एकदाच करायचा: राउटरच्या पानावर डीएचसीपी (पत्ते वाटणारी सोय) रिझर्व्हेशनमध्ये सर्व्हरच्या मॅक ॲड्रेसला (त्याच्या नेटवर्क कार्डाच्या नंबराला) एक पत्ता कायमचा बांधून टाका. आणि नॅस, राउटर, स्विच हे तिन्ही एकाच यूपीएसवर घ्या. नुसता नॅस यूपीएसवर ठेवून काय उपयोग? नॅस बंद कपाटात कोंडू नका हेही जाता जाता. नागपुरात बाहेरच ४५ अंश असतात, आणि बहुतेक हार्डडिस्कची कामाची कमाल मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते.

एकाच ऑफिसात: विंडोजमध्ये ड्राइव्ह मॅप करणं

विंडोज आणि ई ही बटणं एकत्र दाबा, डावीकडे 'धिस पीसी'वर जा, वरच्या पट्टीतल्या तीन ठिपक्यांत 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' निवडा. ड्राइव्हचं अक्षर सगळ्या टेबलांवर सारखंच ठेवा. एकाकडे झेड आणि दुसऱ्याकडे वाय असलं की शॉर्टकट आणि अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधले डेटापाथ जुळत नाहीत.

फोल्डरच्या रकान्यात दोन उलट्या तिरक्या रेघा, पत्ता, एक उलटी रेघ आणि शेअरचं नाव येतं:

\\१९२.१६८.१.५०\अकाउंट्स

इथं शेअरचं नाव लिहायचं, डिस्कवरचा पूर्ण मार्ग नाही. सर्व्हरवर तो फोल्डर डी ड्राइव्हमध्ये कितीही आत असला तरी बाहेरून तो ज्या नावानं शेअर केलाय तेवढंच चालतं.

खालच्या दोन्ही चौकोनांत टिक करा: 'रीकनेक्ट ॲट साइन-इन' आणि 'कनेक्ट युजिंग डिफरंट क्रेडेन्शियल्स'. दुसरा चौकोन सोडला तर विंडोज तुमच्या स्वतःच्या पीसीचं नाव-पासवर्ड सर्व्हरला दाखवून मोकळं होतं. युजरनेमच्या आधी सर्व्हरचं नाव आणि एक उलटी रेघ जोडा, म्हणजे कोणाच्या यादीतला युजर हे स्पष्ट होतं.

सर्व्हर म्हणून साधा विंडोज पीसीच वापरत असाल तर चार गोष्टी हटकून अडवतात. लॉगिनचा चार आकडी पिन नेटवर्कवर चालत नाही, खात्याचा खरा पासवर्डच लागतो. पासवर्डच न ठेवलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. नेटवर्क प्रोफाइल 'पब्लिक' असेल तर फायरवॉल शेअरिंग अडवतो. ते 'प्रायव्हेट' करावं लागतं. चौथं म्हणजे परवानग्या दोन ठिकाणी असतात, शेअरिंग टॅबवर आणि सिक्युरिटी टॅबवर, आणि दोन्हींतली जी कडक ती लागू होते. फोल्डर दिसतो पण सेव्ह होत नाही, ही तक्रार जवळजवळ नेहमी इथलीच. शिवाय विंडोज १० आणि ११ एकावेळी २० जणांपुरतेच जोडू देतात. मोठ्या ऑफिसला नॅस किंवा विंडोज सर्व्हर घ्यावाच लागतो.

एरर दिसली तर तिचा आकडा वाचा:

- शेवटी ८००७००३५ असेल किंवा एरर ५३ असेल तर नेटवर्कचा मार्ग सापडलेला नाही. नावाऐवजी आयपी टाकून बघा, मग पोर्ट तपासा.
- १३२६ म्हणजे युजरनेम किंवा पासवर्ड चूक.
- १२१९ म्हणजे त्याच सर्व्हरला तुम्ही आधीच दुसऱ्या नावानं जोडलेले आहात. विंडोज एका सर्व्हरला एकावेळी एकच युजर देतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये नेट यूज, जागा, तारांकन, जागा, तिरकी रेघ आणि डिलीट लिहून जुन्या जोडण्या तोडा आणि परत जोडा.

पासवर्ड बदलल्यावर जुनाच पाठवला जात असेल तर कंट्रोल पॅनलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, विंडोज क्रेडेन्शियल्सखाली, त्या सर्व्हरची नोंद काढून टाका. हे राहिलं तर पीसी मागच्या मागे जुना पासवर्ड पाठवत राहतो आणि नॅस चिडून पत्ता ब्लॉक करतो.

विंडोज ११ चं २४एच२ हे अपडेट आल्यावर जुने नॅस दिसेनासे झाले, त्याची कारणं दोन. बिनपासवर्डचा गेस्ट प्रवेश बंद झाला, आणि एसएमबी सायनिंग (प्रत्येक संदेशावर खरेपणाची सही) सक्तीचं झालं. इंटरनेटवर सापडणारा 'गेस्ट परत चालू करा' हा उपाय करू नका. नॅसवर प्रत्येकाचा युजर बनवा, पासवर्ड द्या, आणि नॅसचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) नवं करा. एखादा फारच जुना डबा फक्त एसएमबी १ बोलत असेल तर त्याला निरोप देणंच योग्य. मे २०१७ मधला वॉनाक्राय व्हायरस याच जुन्या आवृत्तीतल्या भोकातून पसरला होता, आणि त्याच वर्षीच्या विंडोज १० अपडेटपासून ती आवृत्ती मुळात बसवूनच येत नाही.

एखादा प्रोग्रॅम 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'नं उघडला की त्याला मॅप केलेली झेड ड्राइव्ह दिसत नाही. हा बिघाड नव्हे. साधं आणि ॲडमिन अशी दोन लॉगिन वेगळी धरली जातात. अशा प्रोग्रॅममध्ये ड्राइव्हच्या अक्षराऐवजी वर दिलेला दोन रेघांचा पूर्ण पत्ता घाला.

घरून ऑफिसला: आधी व्हीपीएन, मग ड्राइव्ह

राउटरमध्ये पोर्ट ४४५ बाहेरच्या जगाला उघडून देणं हा सोपा वाटणारा मार्ग आहे आणि तो पूर्ण बंद समजा. असे उघडे पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर रात्रंदिवस फिरत असतात, आणि रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) ऑफिसात शिरण्याच्या वाटांपैकी ही एक आहे. कित्येक इंटरनेट कंपन्या हा पोर्ट स्वतःच अडवतात.

व्हीपीएन, म्हणजे घरचा पीसी ऑफिसच्या नेटवर्कमध्ये आणणारा इंटरनेटवरचा सुरक्षित बोगदा, उभारण्याआधी ऑफिसच्या राउटरचं पान उघडून वॅन आयपी (राउटरचा इंटरनेटकडचा पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल, किंवा 'माझा आयपी कोणता' असं शोधल्यावर वेगळाच आकडा येत असेल, तर तुमची लाइन सीजीनॅटमागे आहे: एकच सार्वजनिक पत्ता कंपनीनं अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. बाहेरून तुमच्या राउटरपर्यंत थेट येताच येत नाही. मग पर्याय दोन. जोडणीवाल्याकडून पैसे भरून स्टॅटिक आयपी घ्या आणि राउटरवर वायरगार्ड हा व्हीपीएन बसवा, यूडीपी पोर्ट ५१८२०. किंवा टेलस्केलसारखी तयार व्हीपीएन सेवा नॅसवर आणि घरच्या पीसीवर टाका. ती सीजीनॅटमधूनही वाट काढते. चार-पाच जणांच्या ऑफिसला दुसरा पर्याय कमी डोकेदुखीचा.

व्हीपीएन हिरवं दिसतंय आणि ड्राइव्ह तरीही उघडत नाही, ही तक्रार सगळ्यात जास्त येते. कारणं बहुधा या तिघांपैकी एक.

घरचं नेटवर्क १९२.१६८.१ आणि ऑफिसचंही १९२.१६८.१. दोन्हीकडे राउटर डब्यातून काढून तसेच लावलेले. घरचा पीसी १९२.१६८.१.५० ला घरातच शोधतो आणि कधी टीव्हीच्या, कधी प्रिंटरच्या दारात उभा राहतो. ऑफिसचं नेटवर्क बदला, १९२.१६८.७३ किंवा १०.४४.१२ असं कुणाच्या घरी सहसा नसणारं काहीतरी ठेवा. हे काम व्हीपीएन बसवण्याच्या आधी केलं तर अर्ध्या तासाचं आहे. नंतर केलं तर प्रिंटर, बायोमेट्रिक, कॅमेरे सगळ्यांचे पत्ते परत लावावे लागतात.

दुसरं कारण नाव. ऑफिसात सर्व्हर नावानं सापडतो, कारण पीसी सगळ्यांना ओरडून विचारतो. ती हाक व्हीपीएन ओलांडत नाही. घरून आयपीच वापरा.

तिसरं कारण सर्व्हर विंडोज पीसी असेल तेव्हाचं. त्याच्या फायरवॉलमधला 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग, एसएमबी-इन' हा नियम प्रायव्हेट प्रोफाइलवर फक्त 'लोकल सबनेट'ला, म्हणजे त्याच नेटवर्कमधल्या पत्त्यांना, परवानगी देतो. व्हीपीएनवरून येणारा पत्ता त्याला परका वाटतो. त्या नियमाच्या स्कोप टॅबवर रिमोट ॲड्रेसमध्ये व्हीपीएनची रेंज घाला. फायरवॉलच बंद करून टाकणारे पुष्कळ भेटतील. तसं करू नका.

व्हीपीएनवर एसएमबी मंद वाटणारच, कारण फोल्डर उघडतानाही त्याचे सर्व्हरशी अनेक सवाल-जवाब होतात आणि प्रत्येकाला लाइनचा उशीर लागतो. मोठी एक्सेल फाइल आधी डेस्कटॉपवर कॉपी करा, काम करा, परत ठेवा. अकाउंटिंग सॉफ्टवेअरचा डेटा मात्र व्हीपीएनवरून थेट उघडू नका, मधेच नेट गेलं तर डेटा बिघडू शकतो. त्यासाठी रिमोट डेस्कटॉपनं ऑफिसच्या पीसीवर जाऊन तिथंच काम करावं.

वेगाचा हिशोब करताना हे लक्षात असू द्या की तुमचं डाउनलोड म्हणजे ऑफिसचं अपलोड. ऑफिसची अपलोड २० एमबीपीएस असेल तर १ जीबीला किमान पावणेसात मिनिटं लागतील, मग घरी ३०० ची लाइन असली तरी. ऑफिसच्या आत कॉपी ११ एमबी प्रति सेकंदावर अडकून राहत असेल तर केबल तपासा. गिगाबिटला आतल्या आठही तारा लागतात. एक तुटली किंवा टोकाचा प्लग सैल झाला की जोडणी गुपचूप १०० एमबीपीएसवर उतरते.

होस्टिंग सर्व्हर: एसएफटीपी

विंडोजचा फाइल एक्सप्लोरर स्वतःहून एसएफटीपी बोलत नाही. विनएससीपी किंवा फाइलझिला घ्या, दोन्ही मोफत. फाइलझिलात साइट मॅनेजर उघडून नवी साइट करा, प्रोटोकॉल एसएफटीपी, पोर्ट २२. इथं होस्टच्या रकान्यात फक्त सर्व्हरचं नाव जातं, ब्राउझरसारखं एचटीटीपीएस लावून नाही. पासवर्ड सेव्ह करणार असाल तर सेटिंगमधला मास्टर पासवर्ड आधी लावा. त्याशिवाय फाइलझिला पासवर्ड अशा रूपात ठेवतं की फाइल हाती लागलेला कुणीही ते वाचू शकेल.

पहिल्या जोडणीला सर्व्हरचा फिंगरप्रिंट (त्याची ओळख पटवणारा आकडा) दाखवून 'विश्वास ठेवायचा का' असं विचारलं जातं. होस्टिंगच्या पॅनलमधल्या आकड्याशी तो जुळवा आणि मगच हो म्हणा. पुढं कधी 'होस्ट की बदलली' असा इशारा आला तर सर्व्हर नव्यानं बसवलाय का ते आधी फोन करून विचारा.

साधं एफटीपीच वापरावं लागलं तर त्याचं एक लक्षण ओळखून ठेवा: लॉगिन होतं, पण फोल्डरची यादी येत नाही. एफटीपी फाइलींसाठी दुसरी वेगळी जोडणी उघडतं आणि तिचे पॅसिव्ह पोर्ट फायरवॉलमध्ये बंद असतात. तुमचा पासवर्ड बरोबर आहे. पोर्टची रेंज होस्टिंगवाल्याला उघडायला सांगा. आणि ट्रान्सफरचा प्रकार बायनरी ठेवा, नाहीतर झिप आणि फोटो चढतात पण उघडत नाहीत.

लिनक्स आणि मॅक

उबुंटूच्या फाइल्स ॲपमध्ये डावीकडे 'अदर लोकेशन्स', नव्या आवृत्तीत 'नेटवर्क'. खालच्या पट्टीत एसएमबी://१९२.१६८.७३.५०/अकाउंट्स किंवा एसएफटीपी://युजर@सर्व्हर असा पत्ता द्या. रेघा इथं सरळ तिरक्या, विंडोजसारख्या उलट्या नाहीत. मॅकवर फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबून तोच एसएमबीचा पत्ता टाका. फाइंडर एसएफटीपी बोलत नाही, त्यासाठी सायबरडक घ्या.

मराठी नावांच्या फाइली

'कर्मचाऱ्यांची यादी' ही फाइल सर्व्हरवर दोनदा दिसते, नाव अक्षरशः सारखं. यात भूत नाही. यातला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता अशी जोडी म्हणून. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्कवर नाव जोडीच्या रूपात साठवलं जातं, विंडोजवर टाइप केलेलं सहसा एका अक्षरात. लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरला ती दोन वेगळी नावं वाटतात. मॅक आणि विंडोज दोन्ही चालत असलेल्या ऑफिसात 'शेतकऱ्यांचे सातबारे' सारखी नावं टाळा किंवा इंग्रजी अक्षरांत लिहा.

लांबीचीही अडचण आहे. लिनक्सच्या नेहमीच्या डिस्कवर फाइलच्या नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा-हलंतसकट. म्हणजे ८५ चिन्हं. 'क्षे' हे दिसायला एक, पण त्यात क, हलंत, ष आणि मात्रा मिळून १२ बाइट गेले. विंडोजवर आरामात बसलेलं लांबलचक मराठी नाव नॅसवर कॉपी होत नाही ते यामुळे.

नावात तारीख घालताना १२/०८ अशी तिरकी रेघ चालत नाही. वर्ष-महिना-दिवस असं डॅश लावून लिहा, यादीही आपोआप क्रमानं लागते.

स्टाफ सोडून गेल्यावर

नॅसवरचा त्याचा युजर बंद करणं हे अर्धंच काम आहे. वायरगार्डमध्ये त्याच्या पीसीची पब्लिक की पीअरच्या (जोडलेल्या मशीनांच्या) यादीत तशीच असते, टेलस्केलमध्ये त्याचं मशीन राहतं, आणि एसएफटीपी पासवर्डऐवजी कीनं (ओळख पटवणाऱ्या फाइलीनं) चालत असेल तर सर्व्हरवरच्या ऑथराइज्ड-कीज फाइलमध्ये त्याची ओळ असते. पासवर्ड बदलल्यानं यातलं काहीच बंद होत नाही. तिन्ही ठिकाणी जाऊन नोंद हातानं काढावी लागते.